बी४वरचे प्यादे

आजोबांनी मला बुद्धिबळ शिकवले ते देशी नियमांचे. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, त्यामुळे दोन्ही सैन्ये समोरासमोर यायला वेळ लागतो आणि तोवर प्रत्येक जण आपली मांडणी निवांत करून घेतो. पुढे शाळेच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळायची वेळ आली. तिथे समोरच्या मुलाने चौथ्याच खेळीला वजिराच्या बाजूचे एक प्यादे दोन घरे पुढे ढकलले आणि थेट माझ्या उंटाच्या तोंडाशी आणून ठेवले. त्या प्याद्याला कोणाचाही जोर नव्हता. मी ते उचलले. वीसेक खेळ्यांत माझ्या राजावर मात झाली.

घरी येऊन मी आजोबांना सगळा डाव पुन्हा मांडून दाखवला. ते बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “प्यादं फुकट मिळालं म्हणतोस, पण ते घेऊन परत येईपर्यंत तुझ्या उंटाने चाली किती खाल्ल्या, ते मोजलंस का?”

मी मोजल्या. चार. आठ खेळ्यांपैकी चार खेळ्या माझा एकटा उंट फिरत होता. तेवढ्या वेळात समोरच्याने पटाचा मध्य व्यापला होता, राजाचा किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, केला होता आणि मोहरी बाहेर काढली होती. माझा राजा मात्र जिथे जन्मला तिथेच उभा होता. आजोबांचा तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. प्रस्तुत पुस्तक हे त्याच प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

ज्या खेळीने माझा तो डाव गेला, तिला इव्हान्स गँबिट म्हणतात. गँबिट हा शब्द मुळात इटालियन, पाय अडकवून पाडणे या अर्थाचा. आपल्या आखाड्यात जिला टांग म्हणतात, तिच्या जवळचा. स्पेनमधील धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ साली आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला आणि तेव्हापासून सुरुवातीलाच काही देऊन समोरच्याचा तोल घालवणाऱ्या खेळीला हेच नाव पडले. कुस्तीत टांग मारणारा मल्ल क्षणभर स्वतः एका पायावर असतो. गँबिट खेळणाराही तसाच. टांग लागली नाही, तर पडतो तोच.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही, त्यांनी पट समोर घ्यावा. पांढऱ्याचे राजासमोरचे प्यादे ई४ वर येते, काळ्याचे ई५ वर. पांढरा घोडा एफ३ वर, काळा घोडा सी६ वर. मग पांढरा उंट सी४ वर आणि काळा उंट सी५ वर. ही इटालियन सुरुवात. आज पुण्यापासून नागपूरपर्यंत कोणत्याही बुद्धिबळ वर्गात मुलांना पहिल्यांदा शिकवतात ती बहुधा हीच. पाचशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांतही ती सापडते आणि सतराव्या शतकातील कालाब्रियाचा जोआक्किनो ग्रेको याने तिच्यातले अनेक सापळे नोंदवून ठेवले आहेत. या सुरुवातीच्या मुख्य मांडणीला इटालियन भाषेत जुओको पियानो म्हणतात, म्हणजे शांत खेळ. नावाप्रमाणे इथून पुढे दोघेही सावकाश मोहरी लावू शकतात.

पांढऱ्याच्या मनात मात्र एक इच्छा असते: सी३ आणि मग डी४ अशी प्यादी पुढे करून मध्यघरे ताब्यात घ्यायची. त्यासाठी दोन खेळ्या लागतात आणि तेवढ्यात काळाही आपली तयारी करतो. इव्हान्स गँबिट इथे एक उफराटा मार्ग सुचवतो. चौथ्या खेळीला पांढरा बी४ खेळतो. काळ्या उंटाने ते प्यादे घेतले की पांढरा सी३ खेळतो. हीच सी३ त्याला नाहीतरी खेळायची होती, पण आता ती उंटावर चालून जाते. उंटाला हलावेच लागते, आणि तो हलतो तेवढ्यात डी४. म्हणजे पांढऱ्याने एक प्यादे दिले आणि त्याच्या बदल्यात एक खेळी मिळवली. व्यवहार एवढाच आहे. तो फायद्याचा की तोट्याचा, यावर दोनशे वर्षे वाद चालू आहे.

वादाला कारण आहे. प्यादे ही डोळ्यांना दिसणारी वस्तू. ते पटाच्या कडेला उचलून ठेवले की मोजता येते, शेवटपर्यंत ते कमीच राहते. मिळालेली खेळी मात्र दिसत नाही आणि टिकतही नाही. शेतकऱ्याला वाफसा जसा कळावा लागतो, तशी ती कळावी लागते. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना ढेकूळ अशा अवस्थेत येते, तेव्हाच पेरणी साधावी लागते. चार दिवस थांबलो तर बी तेच, जमीन तीच, पण घात गेलेली असते. गँबिटमधला पुढाकार तसाच असतो. काळ्याचा राजा मध्यावर आहे, मोहरी अजून घरात आहेत, एफ७ या घराला एकट्या राजाचाच जोर आहे, तेवढ्याच काळात पांढऱ्याने आपले पेरायचे असते. दहा खेळ्यांनी काळा सावरला की पटावर उरते फक्त गेलेले प्यादे.

म्हणून या गँबिटमधील आक्रमणाला मी धाडस म्हणत नाही. ते हिशेबाचे काम आहे, फक्त हिशेब वस्तूंचा नसून वेळेचा आहे. आक्रमक खेळ हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग असतो, काहींच्या अंगात तो असतो आणि काहींच्या नसतो, हा समज मला चुकीचा वाटतो आणि मुलांसाठी घातकही. आक्रमण शिकता येते. ते शिकण्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

या शाळेचा संस्थापक व्यवसायाने खेळाडू नव्हता. विल्यम डेव्हिस इव्हान्स हा वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचा, जन्म १७९०. तो दर्यावर्दी होता. वेल्समधील मिलफोर्ड आणि आयर्लंडमधील वॉटरफोर्ड यांच्यामध्ये टपाल नेणाऱ्या आगबोटीचा तो कप्तान. रात्री जहाजे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांवर रंगीत दिवे लावण्याच्या पद्धतीचे श्रेयही त्याला दिले जाते. १८२० च्या दशकात त्याने ही खेळी शोधली आणि त्याच दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये अलेक्झांडर मॅकडॉनेल या बलाढ्य खेळाडूविरुद्ध ती वापरून डाव जिंकला. त्या डावात त्याने आधी किल्लेकोट केला आणि बी४ पाचव्या खेळीला खेळले. चौथ्याच खेळीला ते खेळण्याची रीत नंतर रूढ झाली. बुद्धिबळाच्या इतिहासात कप्तानाचे नाव या एका खेळीमुळेच राहिले. १८७२ साली बेल्जियममधील ऑस्टेंड येथे त्याचा मृत्यू झाला, तोवर त्याची खेळी युरोपभर खेळली जात होती.

हरलेल्या मॅकडॉनेलने ती खेळी आत्मसात केली, हे मला त्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे पान वाटते. १८३४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात फ्रान्सचा लुई दे ला बुर्दोने आणि मॅकडॉनेल यांच्यात सामन्यांची एक मालिका झाली. एकूण ८५ डाव. मॅकडॉनेलने तिथे इव्हान्स गँबिट वापरला, ला बुर्दोनेने तो त्याच्याकडूनच उचलला आणि त्याच्यावरच उलटवला. मालिका फ्रेंच खेळाडूने जिंकली, पण त्या डावांच्या छापील नोंदी युरोपभर वाचल्या गेल्या. सुरुवातीच्या खेळ्यांचा असा पद्धतशीर अभ्यास, एकाच मांडणीवर दोन बुद्धिमान माणसांनी आठवडेच्या आठवडे घासाघीस करणे, हे त्यापूर्वी क्वचितच झाले होते.

यानंतर जी पहिली परंपरा तयार झाली तिला पुढे स्वच्छंदतावादी म्हटले गेले. ब्रेस्लाउ शहरात गणित शिकवणारा आडोल्फ आंडरसेन आणि न्यू ऑर्लिन्सचा पॉल मॉर्फी हे तिचे दोन शिखरपुरुष. दोघांची गाठ याच गँबिटशी पुनःपुन्हा पडते, पण दोघांची रीत निराळी आहे. आंडरसेनला कल्पना सुचते आणि तो तिच्यासाठी पट पेटवतो. मॉर्फी आधी सगळी मोहरी बाहेर काढतो, उभ्या पट्ट्या मोकळ्या करतो आणि मगच हात घालतो. मोहऱ्यांच्या विकासाचा नियम मॉर्फीने कोठे शास्त्र म्हणून लिहिला नाही, पण त्याचे डाव वाचणाऱ्याला तो स्वच्छ दिसतो. आज वर्गात ‘एक मोहरे एकदाच हलव’ म्हणून जे शिकवतात, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरी परंपरा रशियातली. सेंट पीटर्सबर्गच्या मिखाईल चिगोरीनने इव्हान्स गँबिटला केवळ झटपट मातेचे साधन मानले नाही. त्याच्या हातात तो सावकाश आवळणारा फास झाला. मध्यावरची दोन प्यादी, दोन्ही उंटांचे लांब कर्ण, काळ्याच्या मोहऱ्यांना न मिळणारी जागा, यांवर तो वीस-पंचवीस खेळ्या दाब टिकवून धरी. त्याच्या समोर उभा राहिला तो विल्हेल्म स्टाइनिट्झ, पहिला अधिकृत जगज्जेता. स्टाइनिट्झचे म्हणणे असे की, ज्याच्या मांडणीत कमकुवतपणा नाही त्याच्यावर केलेले आक्रमण फळत नाही. म्हणून देऊ केलेले प्यादे घ्यावे, त्रास सोसावा आणि शेवटी त्याच प्याद्यावर डाव जिंकावा.

हे दोघे १८८९ आणि १८९२ साली क्यूबाच्या हवाना शहरात जगज्जेतेपदासाठी लढले. १८८९ च्या सामन्यात चिगोरीनने पांढऱ्या मोहऱ्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी इव्हान्स गँबिट खेळला आणि स्टाइनिट्झने प्रत्येक वेळी प्यादे घेतले. १७ डावांत बरोबरी एकच. स्टाइनिट्झ १० विरुद्ध ६ असा जिंकला आणि दोन्ही वेळा त्याने मुकुट राखला. पण या दोन सामन्यांच्या मध्ये, १८९० ते १८९१ या काळात, त्यांनी तारायंत्राने दोन डाव खेळले. त्यांतल्या एका डावात इव्हान्स गँबिट होता. आपल्या सिद्धान्तावरील निष्ठेपोटी स्टाइनिट्झने वजीर लवकर बाहेर काढला, एक घोडा पटाच्या काठावर एच६ वर नेला आणि दुसरा मागे डी८ वर परतवला. सगळी मोहरी प्याद्याच्या राखणीत गुंतली. चिगोरीनने दोन्ही डाव जिंकले.

सामने जिंकले कोणी आणि वाद जिंकला कोणी, याचे उत्तर म्हणूनच सरळ देता येत नाही. माझ्या मते दोघांनी मिळून एक गोष्ट सिद्ध केली: प्याद्याची किंमत ठरलेली नसते. एखादे प्यादे राखायला किती मोहरी अडकतात, यावर ती ठरते.

हे सर्वांत आधी स्पष्टपणे ओळखले इमानुएल लास्करने. १८९४ मध्ये त्याने स्टाइनिट्झकडून जगज्जेतेपद घेतले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये व्याख्याने दिली. ती १८९६ साली ‘कॉमन सेन्स इन चेस’ या नावाने पुस्तकरूपात आली. इव्हान्स गँबिटवर त्याचा उपाय जितका साधा तितकाच खोल आहे. काळ्याने प्यादे घ्यावे, पण त्याला चिकटून बसू नये. डी६ खेळावे, उंट बी६ वर आणून ठेवावा आणि पांढऱ्याने हवे तर आपले प्यादे परत घ्यावे. तसे घेताना वजीर-वजीर कटतात, आक्रमणाची धार जाते आणि पांढऱ्याची वजिराच्या बाजूची मोडकी प्यादी उघडी पडतात. घेतलेले योग्य वेळी परत देणे हाही बचाव असतो, हा धडा लास्करने जगाला दिला. तो फक्त या गँबिटपुरता नाही. आज कोणताही प्रशिक्षक ‘दिलेलं घे आणि वेळेवर परत कर’ असे सांगतो, तेव्हा तो लास्करचेच बोलत असतो.

त्यानंतर विसाव्या शतकात हा गँबिट अव्वल स्पर्धांतून जवळजवळ दिसेनासा झाला. बचाव माहीत झाले होते, आणि खेळाडूंची रुची वजिराच्या प्याद्याच्या सुरुवाती, स्पॅनिश आणि सिसिलियन यांकडे वळली होती. तरी मधूनच तो उसळी घेई. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये बॉबी फिशरने रूबेन फाइनविरुद्ध हलक्याफुलक्या मैत्रीच्या डावात तो खेळला आणि १७ खेळ्यांत डाव संपवला. फाइन हा एकेकाळी जगातल्या अग्रगण्य खेळाडूंपैकी होता. फिशरने आपल्या संस्मरणीय डावांच्या संग्रहात हा डाव घेतला, यावरून त्याला तो किती मोलाचा वाटत होता ते कळते.

आणि मग १९९५ आले. लाटव्हियाची राजधानी रिगा ही मिखाईल तालची जन्मभूमी. तालइतका निडर आक्रमक खेळाडू विसाव्या शतकाने दुसरा पाहिला नाही. १९९२ मध्ये तो गेला आणि त्याच्या स्मरणार्थ रिगात स्पर्धा भरली. तिथे गॅरी कास्पारोव्हसमोर बसला होता आपला विश्वनाथन आनंद. त्याच वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये दोघांची जगज्जेतेपदाची लढत व्हायची होती. कास्पारोव्हने चौथ्या खेळीला बी४ खेळले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची खेळी, जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडून.

आनंद घाबरणारा नव्हता. त्याने उंट ई७ वर आणला, हा सर्वांत समंजस बचाव मानला जात होता, आणि घोड्याने पांढऱ्या उंटाला हुसकले. कास्पारोव्हने उत्तरात जुनी पुस्तके बाजूला ठेवली. डी४ वरचे प्यादे त्याने वजिराने घेतले, तो वजीर एच४ वर आणि मग जी३ वर नेला, आणि काळ्याच्या जी७ या घरावर असा डोळा ठेवला की आनंदला जी६ खेळून राजाच्या बाजूची घरे दुबळी करावी लागली. पुढे पांढऱ्याचा उंट एच६ वर बसला आणि किल्लेकोटाची वाट बंद झाली. मधल्या काळात कास्पारोव्हने आणखी एक प्यादे सोडून दिले, त्याची त्याला फिकीर नव्हती. २५ व्या खेळीला आनंदने डाव सोडला. भारतीय वाचकाला हा पराभव आजही लागतो. मलाही लागतो. पण या पुस्तकात मी तो सर्वांत सविस्तर दिला आहे, कारण वेळेचा हिशेब किती निष्ठुर असतो हे त्याहून चांगले कुठेच दिसत नाही. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये कास्पारोव्हने येरून पिकेटविरुद्धही हाच गँबिट खेळून डाव जिंकला.

एक गोष्ट मला हे डाव शेजारीशेजारी मांडल्यावर दिसली. १८५२ साली बर्लिनमध्ये आंडरसेनने जाँ द्युफ्रेनविरुद्ध खेळलेला, ‘सदाहरित’ म्हणून ओळखला जाणारा डाव; १९६३ चा फिशरचा डाव; आणि १९९५ चा कास्पारोव्हचा. पहिल्या आणि शेवटच्या डावात १४३ वर्षांचे अंतर. तीन पिढ्या, तीन देश, बचावाच्या तीन निरनिराळ्या पद्धती. पण या तिन्ही डावांत काळ्याने किल्लेकोट केला नाही. करायला वेळच मिळाला नाही. प्याद्याच्या बदल्यात पांढऱ्याने नेमके काय विकत घेतले, त्याची पावती ही.

मग प्रश्न उरतो की, आज हे कशासाठी शिकायचे? आता संगणक आहे. त्याला विचारले तर तो सांगेल की, काळ्याने अचूक खेळ केला तर पांढऱ्याला फायदा उरत नाही. हे खरे आहे, आणि वाचकापासून ते लपवण्याचे कारण नाही. इव्हान्स गँबिट हे जिंकण्याचे हमीपत्र नव्हे. पण त्याच संगणकाच्या जगात २०१७ साली एक नवी गोष्ट घडली. माणसाच्या एकाही डावावर न वाढलेला, स्वतःशीच खेळून शिकलेला अल्फाझिरो हा संगणक-प्रोग्राम स्टॉकफिश या बलाढ्य प्रोग्रामशी १०० डाव खेळला. २८ जिंकला, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. त्याचे डाव पाहून सगळे चकित झाले, कारण तो प्यादी सहज सोडून देत होता. मोकळ्या पट्ट्या, लांब कर्ण, अडकलेली शत्रूची मोहरी यांना तो प्याद्यापेक्षा जास्त मोल देत होता. जे चिगोरीनला जाणवत होते, ते यंत्राने कोणी न शिकवता शोधून काढले.

दुसरे कारण आजच्या स्पर्धांमधले आहे. २००० साली लंडनमध्ये व्लादिमिर क्रामनिकने बर्लिन बचावाच्या जोरावर कास्पारोव्हकडून जगज्जेतेपद हिरावून घेतले, तेव्हापासून स्पॅनिश सुरुवातीत पांढऱ्याला फायदा मिळवणे अवघड झाले. अनेक अव्वल खेळाडू पुन्हा इटालियन सुरुवातीकडे वळले, पण डी३ खेळून सावकाश, पुन्हा त्याच जुन्या शांत खेळाकडे. त्या शांततेच्या मागे बी४ ची शक्यता सतत दबा धरून असते. जो इटालियन खेळतो त्याने, दोन्ही रंगांनी, इव्हान्स जाणलाच पाहिजे. जलद आणि ब्लिट्झ डावांत तर समोरच्याला अचूक बचाव शोधायला वेळच नसतो.

तिसरे कारण मला सर्वांत जवळचे आहे. २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश जगज्जेता झाला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. आपल्याकडे बुद्धिबळाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत, आणि आठ-नऊ वर्षांची मुले मोबाइलवर पंधरा-पंधरा खेळ्या पाठ करून येतात. पाठांतर वाईट नाही. पण सोळाव्या खेळीला समोरच्याने अनोळखी काही केले की, ही मुले थबकतात, कारण आधीच्या पंधरा खेळ्या कशासाठी होत्या हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. इव्हान्स गँबिटमध्ये हे चालत नाही. प्यादे गेलेले असते. प्रत्येक खेळीला स्वतःला विचारावे लागते की, मी दिले त्याचे मला काय मिळते आहे? हा प्रश्न लहानपणी अंगवळणी पडला, तर मूल पुढे कोणतीही सुरुवात खेळो, ते विचार करून खेळते.

हे पुस्तक म्हणूनच खेळ्यांचे कोष्टक नाही. चौथ्या खेळीनंतर काळा उंट कुठे मागे घेतो, ए५, सी५, ई७ की डी६, यावरून शाखा पडतात. बी६ वर जाऊन प्यादे न स्वीकारण्याचाही मार्ग आहे. या सगळ्यांची ओळख इथे आहे, पण शाखांच्या नावांनी नव्हे, तर आक्रमण करणाऱ्यासमोर येणाऱ्या प्रश्नांनी मी साहित्य लावले आहे. मध्य केव्हा उघडायचा? वजीर बी३ वर केव्हा न्यायचा? समोरच्याने प्यादे परत देऊ केले तर घ्यायचे का? आक्रमण फसले आहे हे कसे ओळखायचे, आणि मग एका प्याद्याच्या कमतरतेने बरोबरी कशी गाठायची? या शेवटच्या प्रश्नाला मी मुद्दाम जागा दिली आहे. आक्रमणाच्या पुस्तकांत हरलेले डाव सहसा नसतात. इथे आहेत.

डावांच्या टिपांत मी मराठी शब्द वापरले आहेत, आणि ते केवळ भाषेच्या अभिमानासाठी नाही. जोर, शह, काटशह, किल्लेकोट हे शब्द आपल्या पटावर घडलेले आहेत आणि त्यांत विचार भरलेला आहे. एखाद्या मोहऱ्याला ‘जोर आहे’ म्हटले की, मुलाला ते डोळ्यांपुढे दिसते. जिथे जगभर रूढ झालेला शब्द आहे, तिथे गँबिट, टेम्पो असे शब्द तसेच ठेवले आहेत. आपल्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, ही सर्वांत मानाची मानत. सर्वांत लहान मोहऱ्याला एवढा मान देणाऱ्या परंपरेतून आलेल्या वाचकाला इव्हान्स गँबिट परका वाटायचे कारण नाही.

पुस्तक वाचताना एक विनंती आहे. छापलेल्या खेळ्या नुसत्या वाचू नका. पट मांडा, पुढची खेळी हाताने झाका आणि आधी स्वतः शोधा. ती चुकली तरी चालेल. शोधण्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

सुरुवात सदाहरित डावाने करा. अकराव्या खेळीला आंडरसेनचा काळ्या घरांवरचा उंट ए३ वर येतो आणि तिथेच थांबतो. पुढे पटावर बरेच काही होते. एकोणिसाव्या खेळीला आंडरसेन शांतपणे एक हत्ती डी१ वर आणतो, आणि त्या खेळीवर अभ्यासक आजही वाद घालतात. मग हत्ती जातो, वजीरही जातो. उंट मात्र ए३ वरच असतो. २४ व्या खेळीला तो हलतो, ई७ वर जाऊन बसतो, आणि मात होते.

ती शेवटची खेळी पटावर हळू करून पाहा. ए३ वरून ई७ कडे जाताना उंट जे पहिले घर ओलांडतो, ते बी४ आहे. वीस खेळ्यांपूर्वी तिथे एक प्यादे उभे होते.